सिंक फलनातला पाय (π): कुठे लिहायचा आणि कुठे नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका फटीतून होणाऱ्या विवर्तनाचा आलेख पायथनमध्ये काढायचा होता. फटीची रुंदी ०.१ मिमी, हेलियम-निऑन लेसरची तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर आणि पडदा १ मीटर अंतरावर. पुस्तकात तीव्रतेचे सूत्र (साइन बीटा ÷ बीटा) याचा वर्ग असे दिले आहे, म्हणून नमपाय या पायथनच्या गणिती संग्रहातले तयार सिंक फलन वापरले. प्रत्यक्ष पडद्यावर पहिली काळी पट्टी मध्यापासून साधारण ६.३ मिमीवर दिसते, संगणकाच्या आलेखात मात्र ती २ मिमीवरच येते. पुस्तक चुकले की नमपाय? शिवाय नमपायमध्ये सिंक(१) चे उत्तर शून्य यायला हवे, ते ३.९ गुणिले दहाचा उणे सतरावा घात असे का येते?

पुस्तकही बरोबर आहे आणि नमपायही. ६.३२८ ला तुमच्या आलेखातल्या २.०१४ ने भागा, ३.१४ मिळेल. उत्तरात पाय इतका फरक पडला, की तो बहुतेक वेळा सिंकच्या दोन व्याख्या एकमेकींत मिसळल्यामुळे असतो. दोन्ही व्याख्या आधी समोर ठेवू. लिहायला सोपे जावे म्हणून त्यांना अ आणि न अशी नावे देतो.

अ(क्ष) = साइन(क्ष) ÷ क्ष
न(क्ष) = साइन(पाय × क्ष) ÷ (पाय × क्ष)

पहिली अननॉर्मलाइज्ड, दुसरी नॉर्मलाइज्ड, म्हणजे सामान्यीकृत. क्ष शून्य असताना दोन्हींत शून्य भागिले शून्य होते, पण क्ष शून्याकडे जाताना दोन्हींची सीमा १ आहे, म्हणून तिथे किंमत १ धरतात. तसे धरले की वक्र कुठेही तुटत नाही. दोघांचे नाते एका ओळीत मावते: न(क्ष) = अ(पाय × क्ष). म्हणजे वक्र एकच आहे, फक्त आडव्या अक्षावरच्या खुणा बदलतात.

तुमच्या पुस्तकातला बीटा म्हणजे पाय × रुंदी × साइन थीटा ÷ तरंगलांबी (थीटा म्हणजे पडद्यावरचा बिंदू मधल्या सरळ दिशेपासून किती वळलेला आहे तो कोन). पाय त्यात आधीच बसलेला आहे. नमपायचे सिंक स्वतःच आत आणखी एकदा पायने गुणते. पाय दोनदा लागला, आलेख ३.१४ पट आक्रसला. दुरुस्ती दोन प्रकारे करता येते. एक, सिंकला बीटा ÷ पाय द्या. दोन, आणि मला हीच पसंत आहे, बीटा काढूच नका. रुंदी × साइन थीटा ÷ तरंगलांबी हीच राशी थेट सिंकला द्या.

दुसरी पद्धत मला का आवडते, ते सांगतो, कारण या विषयाचे मर्म तिथेच आहे. रुंदी × साइन थीटा म्हणजे फटीच्या दोन कडांपासून पडद्यावरच्या बिंदूपर्यंतच्या वाटांमधला फरक. त्याला तरंगलांबीने भागले की त्या फरकात किती तरंग मावतात, हा आकडा मिळतो. तो आकडा बरोबर १ झाला की फटीच्या वरच्या अर्ध्या भागातला प्रत्येक बिंदू खालच्या अर्ध्या भागातल्या त्याच्या जोडीदाराला खोडतो आणि पहिली काळी पट्टी येते. २ झाला की दुसरी. म्हणून नॉर्मलाइज्ड सिंकची शून्ये १, २, ३ अशा पूर्णांकांवर पडतात (आणि उणे बाजूलाही, पण शून्यावर नाही). पुस्तकातला बीटा तोच फरक रेडियनमध्ये सांगतो. तिथे शून्ये पाय, २ पाय, ३ पाय अशी येतात. सिंकच्या कंसात आवर्तने मोजलेली असतील तर न वापरायचे, कोन रेडियनमध्ये असेल तर अ. एवढे एक बघितले की कोणत्याही पुस्तकात, कोणत्याही संगणकप्रणालीत गोंधळ होत नाही.

नॉर्मलाइज्ड म्हणजे शिखर १ केलेले, असा समज वर्गात बऱ्याचदा आढळतो. शिखर तर दोघांचेही १ च आहे. जे १ केलेले आहे ते क्षेत्रफळ. उणे अनंतापासून अधिक अनंतापर्यंत अ चे संकलन पाय येते आणि न चे १. गंमत अशी की वर्ग करून संकलन केले तरी हेच आकडे येतात, अ साठी पाय आणि न साठी १. अक्ष पायपट आवळला की क्षेत्रफळ पायपट कमी होणारच, त्यात नवल नाही. पण आधीचे उत्तर पायच का, हे फूरिये रूपांतरातून, म्हणजे फलनात कोणती वारंवारता किती आहे ते सांगणाऱ्या गणितातून, लगेच दिसते. न चे फूरिये रूपांतर, वारंवारता हर्ट्झमध्ये मोजली तर, एक चौकोनी पट्टा आहे: उणे अर्ध्यापासून अधिक अर्ध्यापर्यंत उंची १, बाहेर शून्य. एखाद्या फलनाचे एकूण क्षेत्रफळ म्हणजे त्याच्या रूपांतराची शून्य वारंवारतेवरची किंमत, आणि ती इथे १ आहे. पार्सेवालचा नियम सांगतो की फलनाच्या वर्गाचे क्षेत्रफळ आणि त्याच्या रूपांतराच्या वर्गाचे क्षेत्रफळ सारखेच असते, म्हणून इथे ते पट्ट्याच्या वर्गाचे, म्हणजे पुन्हा १ × १. दोन वेगळ्या वाटांनी आलेली उत्तरे सारखी का, याचा उलगडा त्या चौकोनात आहे.

काही गोष्टी मात्र व्याख्येवर अवलंबून नाहीत, कारण त्या उंचीच्या आहेत, आडव्या अंतराच्या नाहीत. पहिल्या उणे दरीची खोली दोन्हींत −०.२१७२ आहे, म्हणजे शिखराच्या १३.२६ डेसिबल खाली. ती दरी कुठे येते, हे मात्र व्याख्येप्रमाणे बदलते: अ मध्ये ४.४९३४ वर, न मध्ये १.४३०३ वर. अ ची शिखरे-दऱ्या शोधायला टॅन क्ष = क्ष हे समीकरण सोडवावे लागते. याचा एक सुंदर परिणाम आहे. अ चा आलेख आणि कोसाइनचा आलेख एकाच कागदावर काढा. अ च्या प्रत्येक शिखरातून आणि दरीतून कोसाइनचा वक्र जातो. शक्ती अर्धी होते ते बिंदू अ साठी १.३९१६ आणि न साठी ०.४४३. म्हणूनच सर्वत्र सारखी ऊर्जा दिलेल्या, रेषेत पसरलेल्या अँटेनाच्या झोताची रुंदी ०.८८६ × तरंगलांबी ÷ लांबी अशी पाठ केली जाते. ०.८८६ म्हणजे ०.४४३ ची दुप्पट, दुसरे काही नाही. उत्तर रेडियनमध्ये येते, आणि अंश हवे असतील तर ५७.३ ने गुणायला विसरू नका.

आता पाय आत घालण्याची कल्पना कोणाची, आणि का? १९१५ साली एडिंबरोत ई. टी. व्हिटेकर यांनी एक प्रश्न हाताळला: समान अंतरांवरच्या किमती माहीत असतील तर त्यांतून जाणारी असंख्य फलने असतात, त्यांतले सर्वांत संथ, वायफळ चढउतार नसलेले कोणते? त्या फलनाला त्यांनी कार्डिनल फलन म्हटले. १९३३ मध्ये सोव्हिएत रशियात कोटेलनिकोव्ह आणि १९४९ मध्ये अमेरिकेत शॅनन यांनी तीच गोष्ट दळणवळणाच्या भाषेत मांडली. पुढे इंग्लंडमध्ये माल्व्हर्नच्या रडार संशोधन संस्थेतले फिलिप वुडवर्ड यांनी १९५२ साली आय. एल. डेव्हीस यांच्यासोबतच्या लेखात सिंक हे आटोपशीर नाव वापरले. फूरिये विश्लेषणात हे फलन पावलोपावली भेटते, तेव्हा त्याला स्वतःचे चिन्ह हवे, असे त्यांचे म्हणणे होते. १९५३ च्या आपल्या रडारवरील पुस्तकात त्यांनी पाय आत असलेली व्याख्याच दिली.

रडारवाल्यांना आणि दळणवळणवाल्यांना पाय आत हवा होता, कारण त्यांची गणती सॅम्पलमध्ये, म्हणजे ठरावीक क्षणी मोजलेल्या किमतींमध्ये, चालते. समजा एका सिग्नलचे ठरावीक कालांतराने सॅम्पल घेतले आणि सिग्नलमधली प्रत्येक वारंवारता सॅम्पलिंगच्या दराच्या निम्म्याहून कमी आहे. मग प्रत्येक सॅम्पलच्या जागी एक न उभा करायचा, त्याला त्या सॅम्पलच्या किमतीने गुणायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. मूळ सिग्नल जसाच्या तसा परत मिळतो. पाचव्या सॅम्पलवर उभा केलेला न पाचव्या जागी १ असतो, आणि चौथ्या, सहाव्या, सातव्या, बाकी प्रत्येक जागी बरोबर शून्य. कोणी कोणाच्या जागी लुडबुड करत नाही. हे पूर्णांकांवर पडणाऱ्या शून्यांमुळेच जमते. एवढेच नव्हे, पूर्णांकाने सरकवलेले हे सगळे न एकमेकांना लंब असतात (कोणत्याही दोघांच्या गुणाकाराचे क्षेत्रफळ शून्य) आणि प्रत्येकाच्या वर्गाचे क्षेत्रफळ १. अशा, ठरावीक वारंवारतेपलीकडे न जाणाऱ्या, बँडमर्यादित सिग्नलांसाठी याहून नीटनेटका पाया मिळणे कठीण. अ वापरून हेच लिहिता येते, पण मग प्रत्येक सूत्रात पायची लुडबुड सुरू होते.

याचा अर्थ अ मागासलेली व्याख्या आहे असे मुळीच नाही. भौतिकशास्त्रात आणि शुद्ध गणितात तीच घरची आहे. गोलाकार पसरणाऱ्या लाटेच्या समीकरणाचे सर्वांत साधे उत्तर साइन(तरंगांक × अंतर) ÷ (तरंगांक × अंतर) असते, आणि तरंगांक मुळातच रेडियन प्रति मीटर. शून्य क्रमांकाचे गोलीय बेसेल फलन म्हणजे अ च. १९१५ साली पीटर डिबाय यांनी द्रव आणि वायूंमधून विखुरणाऱ्या क्ष-किरणांसाठी जे सूत्र दिले, त्यात अणूंच्या प्रत्येक जोडीमागे एक अ येतो. या सूत्रांमध्ये न घुसवला तर उगाच पायने भागत बसावे लागते.

ऑयलर यांच्या अनंत गुणाकारात तर पायची ही जागाबदली डोळ्यांसमोर घडते. न ची शून्ये ±१, ±२, ±३… असल्यामुळे न(क्ष) हे (१ − क्ष वर्ग ÷ १) × (१ − क्ष वर्ग ÷ ४) × (१ − क्ष वर्ग ÷ ९)… असे लिहिता येते, पायचा मागमूस नाही. उलट न ची घातश्रेणी लिहिली तर १ नंतरचे पद उणे पाय वर्ग × क्ष वर्ग ÷ ६ असते. दोन्हीकडचे क्ष वर्गाचे सहगुणक जुळवा: १ + १/४ + १/९ + १/१६… = पाय वर्ग ÷ ६. बाझेलचा प्रश्न म्हणून गाजलेले हे कोडे ऑयलर यांनी १७३५ मध्ये याच वाटेने सोडवले. अ घेतला तर श्रेणी स्वच्छ होते (१ − क्ष वर्ग ÷ ६ + …) आणि पाय गुणाकाराच्या छेदांत जाऊन बसतो. पाय टळत नाही. कोणत्या बाजूला ठेवायचा, एवढेच आपल्या हातात असते.

आपल्याकडचे एक उदाहरण घेऊ, त्यात दोन्ही व्याख्या एकाच राशीवर कशा बसतात ते दिसते. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे, ४५ मीटर व्यासाचे ३० अँटेना, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेले. आकाशातल्या एकाच स्रोताची लाट दोन अँटेनांवर वेगवेगळ्या क्षणी पोचते. तो विलंब भरून काढून दोन्ही सिग्नलांचा गुणाकार करतात. विलंबाची दुरुस्ती थोडी चुकली, तर सहसंबंध किती घटेल? बँड, म्हणजे टिपलेल्या वारंवारतांचा पट्टा, सपाट आणि चौकोनी धरला तर घट न(बँडविड्थ × विलंबातील चूक) या प्रमाणात होते. मेगाहर्ट्झ गुणिले मायक्रोसेकंद, एकके एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतात ती निव्वळ आवर्तने. म्हणून इथे न.

जुन्या रचनेतली ३२ मेगाहर्ट्झची बँडविड्थ घ्या. पहिले शून्य ३१.२५ नॅनोसेकंदांच्या चुकीवर येते. तेवढ्या वेळात प्रकाश सुमारे ९.४ मीटर जातो. श्रेणीसुधारित दुर्बिणीची ४०० मेगाहर्ट्झपर्यंतची बँडविड्थ घेतली तर शून्य २.५ नॅनोसेकंदांवर, म्हणजे प्रकाशाच्या ७५ सेंटिमीटर वाटेवर येते. इथे एखाद्याने चुकून अ वापरला तर त्याला वाटेल की ३२ मेगाहर्ट्झवर ९८ नॅनोसेकंदांपर्यंत सवड आहे, आणि तोवर सिग्नल एकदा नाहीसा होऊन गेलेला असेल. हर्ट्झमधल्या बँडविड्थऐवजी कोनीय बँडविड्थ, म्हणजे रेडियन प्रति सेकंद, धरून हिशेब करणारा माणूस अ(कोनीय बँडविड्थ × चूक ÷ २) लिहील आणि त्याचेही उत्तर तंतोतंत तेच येईल. त्यातला २ विसरू नका, तोही पायइतकाच दगा देतो.

प्रत्यक्षात एवढा मोठा बँड सलग वापरत नाहीत, त्याचे हजारो चॅनल, म्हणजे अरुंद पट्टे, पाडतात. समजा ४०० मेगाहर्ट्झचे ४०९६ केले, तर प्रत्येक चॅनल सुमारे ९८ किलोहर्ट्झचा होतो आणि पहिले शून्य १० मायक्रोसेकंदांपलीकडे सरकते. लहान चुकांसाठी तर सिंक काढायचीही गरज नाही: न(क्ष) ≈ १ − १.६४५ × क्ष वर्ग. एक टक्का घट चालत असेल तर क्ष सुमारे ०.०७८ पर्यंत जाऊ द्या. तो १.६४५ म्हणजे मघाचाच पाय वर्ग ÷ ६.

चॅनल पाडताना सिंक पुन्हा भेटतो, आणि या वेळी त्रास द्यायला. सॅम्पलांचा मर्यादित तुकडा घेऊन फास्ट फूरिये ट्रान्सफॉर्म (संगणकावर फूरिये रूपांतर झटपट काढण्याची रीत) केला की प्रत्येक चॅनलचा शक्तीतला प्रतिसाद न च्या वर्गासारखा असतो. एखादा जोरदार कृत्रिम सिग्नल दोन चॅनलांच्या मधोमध पडला तर त्याची गळती दूरदूरच्या चॅनलांत दिसते, कारण सिंक फार आळसाने मावळतो, १ ÷ क्ष याच गतीने. हा आळस त्याच्या स्वभावातच आहे. सिंकचे क्षेत्रफळ ठरते ते अधिक-उण्याच्या खोडाखोडीमुळे. सगळ्या दऱ्या वर उलटवून केवल मूल्याचे क्षेत्रफळ काढले तर ते अनंत होते. मूळ चौकोनी पट्ट्याच्या कडा उभ्या आहेत, त्याची ही किंमत. म्हणून व्यवहारात तुकड्याला विंडो लावतात, म्हणजे त्याची दोन्ही टोके हळूहळू शून्याकडे उतरवतात, शेजारच्या चॅनलांची पाव, अर्धा, पाव अशी सरासरी घेतात, किंवा फोटो लहानमोठा करताना लँक्झोस पद्धतीप्रमाणे एका न ला दुसऱ्या रुंद न ने गुणून तीन सॅम्पलांपलीकडे सरळ कापतात. तिथेही व्याख्या न च धरलेली असते.

ऑडिओत काम करणाऱ्यांनी या संथपणाचा आणखी एक परिणाम लक्षात ठेवावा. सलग सहा सॅम्पल +१, −१, +१, +१, −१, +१ असे घ्या, बाकी सगळे शून्य. कोणताही सॅम्पल १ च्या वर नाही. पण मधल्या दोन +१ च्या बरोबर मध्ये सिग्नलची किंमत २ × (०.६३७ + ०.२१२ + ०.१२७), म्हणजे १.९५ च्या आसपास जाते. मीटरवर सगळे सुरक्षित दिसत असताना पुढे आवाज फाटतो तो यामुळे. ०.६३७ म्हणजे न(०.५) = २ ÷ पाय. डिजिटलचे अॅनालॉग करताना किंमत पुढच्या सॅम्पलपर्यंत धरून ठेवणारी पायऱ्यांची पद्धत वापरली, तर सॅम्पलिंग दराच्या निम्म्यावर नेमकी एवढीच, ३.९२ डेसिबलची, घट येते. सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झला २० किलोहर्ट्झवर ती ३.१७ डेसिबल भरते आणि ती वेगळ्या फिल्टरने भरून काढावी लागते.

संगणकप्रणालींचे सांगायचे तर नमपाय, मॅटलॅब आणि ज्युलिया यांतले सिंक न आहे. मॅथेमॅटिका आणि सिमपाय यांतले अ. सिमपायमधली राशी लॅम्डिफायने (सूत्राचे आकडेमोडीच्या फलनात रूपांतर करणाऱ्या आज्ञेने) नमपायमध्ये नेली तर ते पायने भागण्याचे काम आपोआप करते, पण सूत्र हाताने उतरवून घेतले तर ती जबाबदारी तुमची. सी प्लस प्लसच्या बूस्ट संग्रहात सिंक अंडरस्कोर पाय नावाचे फलन आहे; नावात पाय असूनही ते साइन क्ष ÷ क्ष च देते, म्हणजे अ. नावावर विसंबून राहू नका. नवी प्रणाली हाती आली की सिंक(१) मागा: शून्याच्या जवळपास आले तर न, ०.८४१५ आले तर अ.

आता तुमचा शेवटचा मुद्दा, सिंक(१) नेमके शून्य का येत नाही. संगणकात साठवलेला पाय खऱ्या पायपेक्षा १.२२ गुणिले दहाचा उणे सोळावा घात इतका कमी आहे. साइन फलन आपले काम चोख करते आणि त्या उरलेल्या तफावतीइतके उत्तर देते. त्याला पायने भागले की तुमचा ३.९ गुणिले दहाचा उणे सतरावा घात मिळतो. मोठ्या पूर्णांकांवरही ही चूक वाढत नाही, कारण छेदही तितकाच वाढतो. तेव्हा आलेखाला धोका नाही. फक्त प्रोग्रॅममध्ये सिंकची किंमत शून्य आहे का, असे बरोबरच्या चिन्हाने विचारू नका, छोटी मर्यादा ठेवून तुलना करा. ज्युलियामध्ये पायने गुणण्याआधीच क्ष मधला पूर्णांक बाजूला काढतात, म्हणून तिथे नेमके शून्य येते.

क्ष शून्याजवळ असतानाची भीती सिंकच्या बाबतीत अनाठायी आहे. अगदी लहान क्ष साठीही साइन क्ष ÷ क्ष अचूक येते, फक्त नेमक्या शून्यासाठी वेगळी ओळ लिहावी लागते. खरी अडचण अवकलजाची. तुम्ही पुढे आलेखाला वक्र जुळवणार असाल तर तो लागेलच. अ चा अवकलज (कॉस क्ष ÷ क्ष) − (साइन क्ष ÷ क्ष वर्ग) असा आहे. क्ष जर दहाचा उणे आठवा घात असेल तर ही दोन्ही पदे दहा कोटींच्या घरातली आणि जवळजवळ समान असतात, आणि वजाबाकीत खरे उत्तर, म्हणजे उणे क्ष ÷ ३, पूर्ण बुडून जाते. एकही अंक बरोबर राहत नाही. म्हणून क्ष चे मान ०.०१ च्या आत असेल तर − क्ष ÷ ३ + क्ष घन ÷ ३० ही दोन पदे वापरा आणि त्याबाहेर मूळ सूत्र. न चा अवकलज हवा असेल तर यात क्ष च्या जागी पाय × क्ष घाला, आणि संपूर्ण उत्तराला आणखी एकदा पायने गुणा.